अँड्रियास श्टील: ६४ किलोच्या करवतीपासून चेन ब्रेकपर्यंत

एका हाताने चेनसॉ चालवणाऱ्यांचे रील्स तुम्ही पाहिले असतील. त्या मशीनच्या पुढच्या हँडलसमोर एक उभा गार्ड दिसतो. बऱ्याच जणांना वाटतं, तो फक्त भुसा अडवायला आहे. खरं काम वेगळंच आहे, आणि ते कळायला अँड्रियास श्टील यांची गोष्ट माहीत हवी.

श्टील यांचा जन्म १८९६ चा, स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचा. शिक्षणाने इंजिनिअर. १९२६ मध्ये त्यांनी जर्मनीत श्टुटगार्टला स्वतःचा व्यवसाय सुरू केला आणि विजेवर चालणारी साखळी-करवत बनवली. वजन ६४ किलो! पण जंगलात वीज कुठून आणणार? म्हणून १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारं मशीन आलं, ४६ किलोचं. (अशा करवतीवर तेव्हा इतरही लोक काम करत होते, शोध एकट्या श्टील यांचा नाही.)

ही मशीन दोघांनी धरायची. एक जण इंजिनकडे, दुसरा पट्टीच्या टोकाकडे. म्हणजे टोक कायम कुणाच्या तरी हातात. हे लक्षात ठेवा.

श्टील नाझी पक्षात आणि एसएसमध्येही होते. युद्धानंतर ते अमेरिकन सैन्याच्या कैदेत होते. कंपनीचा इतिहास सांगताना हा भाग गाळून चालत नाही.

सुटून आल्यावर पुन्हा कारखाना. १९५० मध्ये त्यांचं एकट्याने चालवायचं पेट्रोल मशीन आलं, सुमारे १६ किलोचं. १९५९ चं 'कॉन्ट्रा' तर साधारण १२ किलोचं, आणि त्यात गिअर नव्हते. इंजिनचा वेग थेट साखळीला. लाकूडतोड्यांचं काम झटपट व्हायला लागलं.

पण आता टोक मोकळं झालं होतं. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला किंवा ओंडक्याला लागला की साखळीचा दात तिथे अडकतो, साखळीची सगळी ताकद उलटी फिरते आणि पट्टी उसळून थेट चालवणाऱ्याच्या तोंडाकडे, मानेकडे येते. याला किकबॅक म्हणतात. हे इतक्या पटकन होतं की विचार करून हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही.

दुसरा त्रास हळूहळू येणारा, थरथरीचा. वर्षानुवर्षं हादरे बसून बोटं बधिर होतात, थंडीत पांढरी पडतात. १९६४ मध्ये कंपनीने हँडल इंजिनपासून रबराने वेगळं केलं आणि हादरे कमी झाले.

चेन ब्रेक मात्र १९७२ मध्ये आला. मशीन उसळलं की डाव्या हाताची मागची बाजू त्या गार्डवर आपटते, गार्ड पुढे ढकलला जातो आणि पोलादी पट्टा क्लचचा ड्रम आवळून साखळी थांबवतो. आता एका हाताने चालवणाऱ्याचा विचार करा. डावा हात जागेवरच नाही, तर गार्डला ढकलणार कोण? नंतरच्या मशीनमध्ये ब्रेक झटक्यानेही लागतो, पण उसळलेली पट्टी एका हाताने आवरत नाही.

ब्रेक बाजारात आला आणि जानेवारी १९७३ मध्ये श्टील वारले. आजही चेनसॉ जमिनीवर ठेवून, ब्रेक लावूनच स्टार्ट करायचा असतो.