खरी देशभक्ती : कोसबाडच्या अनुताई वाघ

देशभक्ती हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर उभे राहतात ते फासावर गेलेले क्रांतिकारक, तुरुंगवास भोगलेले सत्याग्रही आणि सीमेवर धारातीर्थी पडलेले जवान. त्यांच्या ऋणातून उतराई होणे कोणासही शक्य नाही. तथापि देश स्वतंत्र असताना आणि सीमेवर युद्ध पेटलेले नसताना सामान्य नागरिकाने देशावर प्रेम करायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे उभा राहतो. स्वातंत्र्यदिनी ध्वजवंदन करून घरी परतल्यावर ते कर्तव्य संपते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी डहाणू-तलासरीच्या रहिवाशांना दूर जावयास नको. घोलवड-बोर्डीच्या जवळच असलेल्या कोसबाडच्या टेकडीवर एका शिक्षिकेने ते उत्तर आपल्या आयुष्याच्या ४७ वर्षांत लिहून ठेवले आहे. त्या शिक्षिका म्हणजे पद्मश्री अनुताई वाघ.

बालपण आणि वैधव्य

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि अवघ्या सहा महिन्यांच्या आत त्यांना वैधव्य आले. संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच तो संपला होता. त्या काळी बालविधवेच्या वाट्याला येत असे ते घराच्या कोपऱ्यातले, दुसऱ्यांच्या कृपेवरचे जिणे. शुभकार्यात तिला स्थान नव्हते आणि तिच्या इच्छेला किंमत नव्हती. अनुताईंनी मात्र शिक्षणाची वाट धरली. १९२५ मध्ये त्या व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पुढे पुण्यास शिक्षिकेचे प्रशिक्षण घेऊन त्यांनी नाशिक जिल्ह्यातील चांदवड भागात ग्रामीण शाळेत अध्यापन केले. १९३३ पासून पुण्याच्या सुप्रसिद्ध हुजूरपागा शाळेत त्यांनी बारा वर्षांहून अधिक काळ नोकरी केली. दिवसा शिकवायचे आणि रात्रशाळेत शिकायचे, असा दिनक्रम ठेवून १९३७ मध्ये त्यांनी मॅट्रिकची परीक्षाही दिली.

पुण्यासारखे शहर, नामवंत शाळा, नियमित पगार आणि समाजात मान! एकट्या स्त्रीला याहून अधिक सुरक्षित आयुष्य त्या काळी लाभणे कठीण होते. असे असूनही वयाच्या पस्तिसाव्या वर्षी अनुताईंनी हे सारे सोडले.

ताराबाईंची भेट

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी पूज्य कस्तुरबांचे निधन झाले. त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ स्थापन झालेल्या निधीतून खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी कार्य सुरू करण्याचे ठरले आणि त्याकरिता ग्रामसेविकांची शिबिरे भरू लागली. १९४५ मध्ये बोरिवली येथील अशाच शिबिरात अनुताई दाखल झाल्या. तेथे त्यांची भेट ताराबाई मोडक यांच्याशी झाली.

ताराबाई म्हणजे भारतीय बालशिक्षणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. १८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या व पदवीधर झालेल्या या विदुषीने भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे प्रयोग केले होते आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला होता. तथापि मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने शहरातील सुखवस्तू घरांतील मुलांनाच लाभतात, ही खंत त्यांच्या मनात होती. गरिबाच्या मुलालाही तेच शिक्षण त्याच्या खेड्यात आणि त्याला परवडेल अशा रीतीने मिळावे, या हेतूने त्यांनी डिसेंबर १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. या कामी त्यांना सहकारी हवी होती. अनुताई त्यांच्यासोबत बोर्डीस आल्या त्या कायमच्या.

भूमी अशांत, मने भयभीत

ज्या वर्षी अनुताई या किनाऱ्यावर आल्या, ते वर्ष या परिसराच्या इतिहासात विसरण्याजोगे नाही. येथील वारली बांधव पिढ्यान्‌पिढ्या वेठबिगारीत पिचत होते. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको दोघेही जन्मभर मालकाच्या घरी राबत. अशा माणसास लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी तत्कालीन उंबरगाव तालुक्यातील, म्हणजेच आजच्या तलासरी तालुक्यातील झरी या गावी शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने सुमारे ५,००० वारली एकत्र जमले आणि यापुढे वेठ करावयाची नाही, असा त्यांनी निर्धार केला. त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांचा गोळीबार होऊन ५ जण मृत्युमुखी पडले. या घटनेस तीन महिने होण्याच्या आत बोर्डीची बालवाडी सुरू झाली.

या पार्श्वभूमीवर येथील आदिवासी मुलाच्या मनात पांढरपेशा माणसाविषयी काय भावना असेल, याची कल्पना करता येईल. डोंगरापलीकडून येणारा स्वच्छ कपड्यांतला माणूस म्हणजे जमीनदाराचा कारभारी, सावकार, जंगलाचा ठेकेदार किंवा शिपाई. वजनमापात खोट करणारे काही दुकानदारही त्यात होते, हे प्रामाणिकपणे नमूद करणे भाग आहे. असा माणूस पाड्यावर आला म्हणजे काही तरी घेऊन जाणार, हाच त्या मुलांच्या आईबापांचा अनुभव होता. साहजिकच शिक्षिका दिसताच मुले रानात पळत.

शाळा मुलाच्या दारी

बोर्डीस आरंभी गावात मध्यवर्ती बालवाडी सुरू झाली. परंतु ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ती दलित व गरीब वस्तीतील मुले तेथे येईनात. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, असा साधा पण क्रांतिकारक विचार ताराबाई व अनुताईंनी केला. वस्तीतल्याच एखाद्या घराच्या अंगणात बालवाडी भरू लागली. तीच अंगण-बालवाडी. प्रथम मुलांना अंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, खरूज-गळवांना औषध लावायचे आणि मग गाणी, गोष्टी व खेळ. अस्पृश्यतेचा विटाळ मानणाऱ्या त्या काळात एका सवर्ण विधवेने दलित वस्तीत बसून मुलांची नाके पुसावीत, ही लहानसहान गोष्ट नव्हती.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आले. येथे प्रामुख्याने वारली मुले होती आणि अडचणी अधिक होत्या. पाडे विखुरलेले, पावसाळ्यात वाटा बंद, घरात धान्याचा तुटवडा आणि हंगामात आईबाप कामासाठी परागंदा. मोठी मुलगी शाळेत यावी तर धाकट्या भावंडाला कोणी सांभाळायचे? मुलगा यावा तर गुरे कोणी राखायची? मुले आळशी आहेत किंवा पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असे म्हणून हात झटकणे सोपे होते. अनुताईंनी प्रत्येक अडचणीचे मूळ शोधले आणि तिच्यावर उपाय योजला.

विकासवाडी या नावाने पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. कडेवरचे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि मोठी बहीण वर्गात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक थेट कुरणात जाऊ लागले. गुरे चरत आणि झाडाच्या सावलीत धडे चालत. ही कुरणशाळा. महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, पाने, फुले आणि बिया हाती आल्या. चिंचोक्यांनी गणित शिकवता येते आणि ओल्या मातीवर बोटाने अक्षर गिरवता येते, हे येथे सिद्ध झाले. मुलांची बोली, त्यांची गाणी, त्यांची नृत्ये यांना शाळेत सन्मानाचे स्थान मिळाले. आपल्या घरची भाषा हसण्याजोगी नाही, हे मुलाला प्रथमच कळले.

अखंड साधना

हे कार्य चालू असतानाच, १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी अनुताई पदवीधर झाल्या. पदवीमुळे त्यांच्या पगारात वा प्रतिष्ठेत फार भर पडणार नव्हती. जी स्वतः शिकणे थांबवते, तिने इतरांना शिकवू नये, अशी त्यांची वृत्ती असावी, असेच त्यांच्या चरित्रावरून वाटते.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. २८ वर्षांची गुरुतुल्य सोबत संपली. एवढा मोठा आधार गेल्यावर कार्याला उतरती कळा लागल्याची उदाहरणे अनेक संस्थांच्या इतिहासात सापडतात. त्या वेळी अनुताईंनी वयाची साठी ओलांडली होती. तरीही त्यांनी धुरा खांद्यावर घेतली आणि कार्य वाढवले. बालसेविकांना प्रशिक्षण देणे, पालक व शिक्षकांसाठी लेखन करणे, मूकबधिर मुलांच्या शिक्षणाची सोय पाहणे, स्त्रियांमध्ये जागृती करणे अशा अनेक दिशांनी त्यांचे कार्य विस्तारले. १९८२ मध्ये प्रा. रमेश पानसे यांच्यासमवेत त्यांनी ग्राममंगल ही संस्था स्थापन केली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात त्यांचे अनुभव ग्रथित आहेत. १९८५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. आज देशभरात १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. या कल्पनेच्या पाऊलखुणा शोधत गेल्यास बोर्डीच्या त्या अंगणापर्यंत पोहोचता येते, ही डहाणू परिसराच्या दृष्टीने केवढी अभिमानाची बाब आहे!

देशभक्तीचा ताळेबंद

अनुताई कोणत्याही सत्तापदाच्या मागे लागल्या नाहीत. सभा गाजवणाऱ्या वक्त्या म्हणून त्यांचे नाव झाले नाही. मग त्यांना देशभक्त का म्हणावे?

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, परंतु ज्याला आपल्या देशाचे नावही ठाऊक नव्हते, त्या पाड्यावरील मुलापर्यंत ते स्वातंत्र्य पोहोचविणे बाकी होते. नकाशावरील रेषांनी देशाची सीमा ठरते, देश मात्र माणसांचा बनतो. त्या माणसांतील सर्वांत लहान, सर्वांत दुर्बल आणि सर्वांत भ्यालेले माणूस अनुताईंनी निवडले व आपले सारे आयुष्य त्याच्या स्वाधीन केले. कोसबाडच्या ज्या मुलाने पळून जाण्याचे सोडून शिक्षिकेचा हात धरला, त्याचा स्वातंत्र्यदिन त्या दिवशी उगवला.

जैन परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. अनुताईंच्या बालवाडीकडे पाहिले असता ही चारही दाने तेथे एकत्र आलेली दिसतात. भुकेल्यास खाऊ, खरजेस औषध, अज्ञानास अक्षर आणि या सर्वांच्या आधी भयभीतास अभय. यांपैकी पहिली तीन दाने धनाने करता येतात आणि समाजातील दानशूरांनी ती सढळ हाताने केलीही आहेत. अभयदान मात्र धनादेशाने होत नाही. त्यासाठी माणसाला स्वतः जावे लागते, थांबावे लागते आणि आपल्या वागण्याने समोरच्याचा विश्वास संपादन करावा लागतो.

व्यापारी कुटुंबांना ताळेबंद परिचित असतो. देशप्रेमाचाही एक ताळेबंद असतो. घोषणा आणि मिरवणुका यांची त्यात नोंद होत नाही. या भूमीकडून काय घेतले आणि तिच्या सर्वांत दुबळ्या लेकरास काय परत दिले, एवढ्याच दोन बाजू त्यात असतात. दुकानाच्या पायरीवर बिचकत उभ्या राहणाऱ्या आदिवासी गिऱ्हाइकास बसावयास सांगणे, त्याला अचूक माप देणे, त्याला आदराने हाक मारणे, त्याच्या मुलाच्या शाळेची चौकशी करणे ही सुद्धा देशसेवाच आहे. तिला ना गणवेश लागतो, ना व्यासपीठ.

डहाणू-तलासरीच्या मातीने चिकूच्या वाड्या दिल्या, वारली चित्रकला दिली, तशीच अनुताईंची कर्मभूमी होण्याचे भाग्यही तिला लाभले. मोरगावला जन्मलेल्या एका बालविधवेने ही परकी भूमी आपली मानली आणि येथील मुलांना आपली लेकरे मानले. ज्यांचा जन्मच या भूमीत झाला आणि ज्यांची भरभराट या भूमीने केली, त्यांच्यावरील जबाबदारी त्यामुळे वाढते. कोसबाडच्या त्या तपस्विनीस विनम्र अभिवादन!