अर्ध्या आण्याची थैली

आपल्या प्रत्येकाच्या घरी, विहारात आणि आमच्या वसतिगृहाच्या सभागृहात बाबासाहेबांची तसबीर आहे: अंगात कोट, डोळ्यांवर चष्मा, हाती ग्रंथ. ती पाहून मुलांचा असा समज होतो की हा महापुरुष ग्रंथ हाती घेऊनच जन्मास आला. कोपरीतील आमच्या वर्गांत मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलाला आम्हीही कित्येकदा त्याच तसबिरीकडे बोट दाखवून लाजविले आहे. बुद्धी असूनही अभ्यासात मन नसलेल्या अशा मुलांसाठी, आणि खरे सांगावयाचे तर त्यांच्या शिक्षकांसाठी व पालकांसाठी, आम्ही या स्मरणिकेत साताऱ्याच्या एका मुलाचे चरित्र सांगत आहोत. त्याला शाळा नकोशी झाली होती.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीस व तेथून साताऱ्यास आले. तेथे मातोश्री भीमाबाईंचे निधन झाले आणि पाठीने अधू असलेल्या मीरा आत्याने मुलांना सांभाळले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. हा दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो.

पण त्या शाळेत हा विद्यार्थी बसत होता कोठे? घरून आणलेल्या गोणपाटावर, इतरांपासून दूर. नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी मिळे, नाही तर तहान तशीच राही. ज्या मुलाला वर्ग असा वागवितो, त्याचे मन वर्गात रमावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे. भीमरावांचे मन बाहेर धावू लागले. काही काळ बागकामाचा छंद लागला, मग गुरे राखण्याचा. पुढे सातारा स्टेशनावर हमाली करण्यापर्यंत मजल गेली. वडिलांनी दुसरा विवाह केला होता आणि आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून मुलाचा जीव तुटत असे. वडिलांच्या जिवावर जगावयाचे नाही, असे त्याने ठरविले. साताऱ्याच्या मुलांना मुंबईच्या गिरण्यांत काम मिळते हे त्याच्या कानी आले होते. प्रश्न होता गाडीभाड्याचा.

आत्या कमरेला पैशांची थैली खोवून त्याच्या शेजारीच झोपत असे. तीन रात्री त्याने ती काढण्याचा प्रयत्न केला, पण साधले नाही. चौथ्या रात्री थैली हाती आली आणि उघडून पाहतो तो आत फक्त अर्धा आणा! त्या चार रात्रींच्या धाकधुकीने आणि त्या अर्ध्या आण्याने मुलाला स्वतःचीच लाज वाटली. मुंबईस पळण्याचा बेत त्याने सोडला. भराभर परीक्षा उत्तीर्ण होऊन स्वतःच्या पायावर उभे राहावयाचे, असा नवा बेत केला. ज्या शिक्षकांनी त्याची आशा सोडली होती, त्यांनीच पुढे सुभेदारांना बोलावून या मुलाला जेवढे देता येईल तेवढे शिक्षण द्या, असे सांगितले.

पुढे मोठेपणी हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतःच सांगितला, लपविला नाही. त्याच आठवणींत साताऱ्याचे दोन शिक्षक येतात. पेंडसे गुरुजींनी पावसात चिंब भिजून आलेल्या भीमरावाला आपल्या मुलाबरोबर घरी पाठवून ऊन पाण्याने आंघोळ घालविली, कोरडे वस्त्र दिले. दुसरे आंबेडकर मास्तर. ते फारसे काही शिकवीत नसत. परंतु मधल्या सुटीत जेवणासाठी या मुलाने दूर घरी धावावे, भटकावे, हे त्यांना आवडत नसे. म्हणून ते आपल्या शिदोरीतील भाजी-भाकरी रोज त्याच्या हातावर टाकीत. शिवाशिव पाळूनच, वरून टाकीत. हेही विसरता कामा नये. तरीही त्या भाकरीची चव बाबासाहेब विसरले नाहीत. गोलमेज परिषदेच्या वेळी या मास्तरांचे पत्र आले, ते त्यांनी जपून ठेवले.

मुंबईत परळच्या डबक चाळीतील एकच खोली. उशाशी जाते, पायथ्याशी शेळी, चिमणी नसलेला दिवा. सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासासाठी उठवीत आणि त्याच्या जागी स्वतः आडवे होत. पुस्तकासाठी पैसे नसले की विवाहित मुलींचे दागिने मागून गहाण ठेवीत. एल्फिन्स्टन हायस्कुलात मात्र जात पाठ सोडीत नव्हती. फळ्यावर गणित सोडविण्यास त्याला बोलाविताच फळ्यामागे ठेवलेले आपले डबे उचलण्यासाठी मुले धावली. संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली.

शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसे. तेथे विल्सन हायस्कूलचे कृष्णराव अर्जुन केळुस्कर येत. रोज एकटाच वाचणाऱ्या या मुलाची त्यांनी आपणहून चौकशी केली, काय वाचावे ते सांगितले, स्वतःजवळची पुस्तके दिली. तो त्यांच्या शाळेचा विद्यार्थीही नव्हता. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुण मिळवून. (पालकांनी हा आकडा दोनदा वाचावा.) इंटरनंतर पैशांअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा केळुस्करांनीच त्यांना सयाजीराव महाराजांकडे नेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्यानंतरचे बी. ए., १९१३ साली कोलंबिया, मग लंडन, हे सारे आपणांस पाठ आहे.

परत आल्यावर त्यांनी मुलांसाठी छप्पर उभारले. १९२५ साली सोलापुरास बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह निघाले. १९२८ साली स्थापिलेल्या शिक्षण मंडळाच्या खटपटीने पनवेल, नाशिक, पुणे, धारवाड आणि आपल्या ठाण्यातही वसतिगृहे निघाली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी व पुढल्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले.

लहानपणी झालेल्या एका सत्कारात केळुस्करांनी भीमरावाला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले होते. चरित्रकार हा सत्कार मॅट्रिकचा मानतात. बाबासाहेबांनी स्वतः मात्र तो इंग्रजी चौथीच्या वेळचा असल्याचे लिहिले आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी ६ एप्रिल १९५६ रोजी लिहिलेल्या प्रस्तावनेत, आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना, पासष्टीच्या उंबरठ्यावर असलेल्या बाबासाहेबांनी आरंभ केला तो दादा केळुस्करांच्या त्या भेटीपासून. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.