अंतर भागिले वेग आणि एमी जॉन्सन

मित्रांनो, अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, हे आपण सातवी-आठवीतच पाठ केलं. २०१८ साली लंडन आणि ऑस्ट्रेलियातलं पर्थ यांच्यामध्ये थेट विमान सुरू झालं. सुमारे साडेचौदा हजार किलोमीटर, साधारण १७ तास. गणित बरोबर जुळतं. पण एमी जॉन्सनचं गणित जुळत नाही, म्हणून तिच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

एमीचा जन्म १९०३ चा, इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावात. वडिलांचा माशांचा व्यापार. बी.ए. करून ती लंडनला एका वकिलांच्या ऑफिसात सेक्रेटरी झाली आणि फ्लाइंग क्लबात जाऊ लागली. १९२९ मध्ये पायलटचं लायसन्स मिळालं. तेवढ्यावर न थांबता तिने हँगरमध्ये मेकॅनिक लोकांबरोबर हात काळे केले आणि ग्राउंड इंजिनिअरचं लायसन्सही घेतलं. ब्रिटनमध्ये ते मिळवणारी ती पहिली स्त्री.

५ मे १९३० ला ती लंडनजवळच्या क्रॉयडनहून एकटीच ऑस्ट्रेलियाला निघाली. वय २६. विमान सेकंडहँड जिप्सी मॉथ, नाव जेसन. उघडं कॉकपिट, रेडिओ नाही, वेग ताशी साधारण १३० किलोमीटर. त्याआधीचा तिचा सर्वांत लांबचा प्रवास होता फक्त लंडन ते हल!

इराकमध्ये वाळूच्या वादळामुळे वाळवंटातच उतरावं लागलं. सहाव्या दिवशी कराची. झाशीला पेट्रोल संपत आलं, तेव्हा परेड ग्राउंडवर उतरली. रंगूनजवळ इनसीनला भर पावसात एका टेक्निकल इन्स्टिट्यूटच्या मैदानात उतरताना विमान चरात गेलं. पंख फाटला, प्रोपेलर मोडला. विमानाच्या जुन्या कापडाचे शर्ट कुणीतरी शिवले होते, ते उसवून पंखाला ठिगळं लावली. जादा प्रोपेलर तिने बरोबर बांधूनच आणला होता.

२४ मे ला ती डार्विनला पोचली. सुमारे १८ हजार किलोमीटर. सूत्राने १४० तासांच्या आत व्हायला हवं, म्हणजे सहा दिवसही नाहीत. लागले साडेएकोणीस! बाकीचा वेळ दुरुस्ती, पाऊस, पेट्रोल आणि थोडीशी झोप यांत गेला. हिंकलरचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम मोडला नाही याची तिला खंत होती. पण इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने उडत जाणारी ती पहिली स्त्री ठरली.

दुसऱ्या महायुद्धात ती विमानं एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचवायचं काम करत होती. ५ जानेवारी १९४१ ला ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळ जायचं होतं. जेमतेम तासाभराचा प्रवास. हवा वाईट होती. काही तासांनी ती पॅराशूटने थेम्सच्या मुखाशी गोठलेल्या थंडीत पाण्यात पडली. तिला वाचवायला उडी मारणारे नौदल अधिकारी वॉल्टर फ्लेचर यांचाही जीव गेला. एमीचा मृतदेह सापडलाच नाही. वय फक्त ३७.

अर्धं जग ओलांडलेली मुलगी घरच्याच तासाभराच्या वाटेवर हरवली. जेसन मात्र लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आजही टांगलेलं आहे. वर्कशॉपच्या तासाला दांडी मारावीशी वाटली, तर मित्रांनो, इनसीनचा तो चर एकदा आठवून बघा.