अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल : ध्वनींचा शिक्षक

टेलिफोनचा जनक म्हणून बेलचे नाव आपण शाळेतच पाठ करतो. मला मात्र तो आधी शिक्षक वाटतो; ध्वनी तोंडात कोठे जन्मतो हे शिकविणारा शिक्षक.

३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे त्याचा जन्म झाला. आजोबा व वडील दोघेही शुद्ध उच्चार शिकवीत. आईला मात्र ऐकू फार कमी येई. लहानपणी बेलने भावाच्या मदतीने कृत्रिम घसा, जीभ व ओठ जोडून मामा असा उच्चार करणारे यंत्र केले होते.

१८६७ साली वडील मेलव्हिल बेल यांनी आपली 'दृश्य वाणी' ही लिपी प्रसिद्ध केली. तीत व्यंजनासाठी नालेच्या आकाराची खूण असे. खुणेचे तोंड ज्या दिशेला, त्यावरून जिभेचा मागचा भाग, मधला भाग, टोक की ओठ वापरायचे ते कळे. घोष असल्यास आत एक रेघ. मराठी-कन्नड शिकलेल्या आपल्याला हे परके नाही. क कंठ्य, च तालव्य, ट मूर्धन्य, त दंत्य, प ओष्ठ्य. आपली वर्णमाला घशाकडून ओठांकडेच येते. फरक एवढाच, की आपल्या अक्षराच्या आकारावरून जीभ कोठे टेकवावी ते समजत नाही. त्या खुणेवरून ते समजे; आणि ज्याला ऐकूच येत नाही, त्याला नेमके तेच हवे असते. प आणि ब म्हणताना ओठ सारखेच दिसतात. भेद घशातल्या कंपनाचा, तो हाताला जाणवतो.

क्षयाने दोन्ही भाऊ गेले. १८७० मध्ये उरलेले कुटुंब कॅनडात आले. १८७१ पासून बेल बोस्टनला कर्णबधिर मुलांना शिकवू लागला. १८७६ मध्ये टेलिफोनचे पेटंट मिळाले. पुढच्या वर्षी त्याने आपल्या कर्णबधिर विद्यार्थिनीशी, मेबल हबर्डशी, विवाह केला. कीर्ती व पैसा आला, तरी शिकविण्याचा ध्यास सुटला नाही.

परंतु या ध्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुलांनी बोललेच पाहिजे, या आग्रहापायी त्याने शाळांतील हातांच्या खुणांच्या भाषेला विरोध केला. अनेक कर्णबधिरांना तो आजही अन्याय वाटतो, आणि मला त्यांचे म्हणणे पटते. उच्चाराची स्थाने त्याने अचूक ओळखली. भाषा मात्र तोंडाबाहेरही, हातांतही नांदते, हे त्याने मानले नाही.

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडात त्याचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट मुके ठेवण्यात आले होते.