जेकब मोरेनो : नात्यांचे नकाशे काढणारा डॉक्टर

न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील मुलींच्या सुधारगृहातून १९३२ साली अवघ्या दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. अशा वेळी मुलींच्या स्वभावाला दोष देणे सोपे असते. डॉ. जेकब लेव्ही मोरेनो यांनी मात्र त्यांच्या परस्परसंबंधांचा शोध घेतला.

मोरेनो यांचा जन्म १८८९ मध्ये बुखारेस्टचा, शिक्षण व्हिएन्नाचे. आपण काळ्या समुद्रात जहाजावर जन्मलो, अशी कथा ते स्वतःच सांगत. आख्यायिका रचण्याची त्यांना हौस होती. पहिल्या महायुद्धात व्हिएन्नाजवळच्या मिटेनडॉर्फ निर्वासित छावणीत काम करताना त्यांना एक गोष्ट जाणवली : माणसे कोणाशेजारी राहतात यावर त्यांचे सुखदुःख अवलंबून असते आणि नेमके तेच त्यांना कोणी विचारत नाही. १९२५ मध्ये ते अमेरिकेत आले.

हडसनमध्ये त्यांनी तेच विचारले. पाचशेहून अधिक मुलींपैकी प्रत्येकीने आपल्या घरकुलात कोण सोबतीण हवी, कोण नको, हे सांगायचे होते. उत्तरांवरून आकृत्या तयार झाल्या. मुलगी म्हणजे वर्तुळ, ओढ किंवा तिटकारा म्हणजे रेघ. काहींकडे अनेक रेघा धावत होत्या, तर काहींकडे एकही नाही. पळालेल्या मुली अशाच रेघांच्या साखळीत गुंफलेल्या होत्या. पळण्याची कल्पना त्याच वाटेने पसरली होती. मुलींच्या पसंतीनुसार घरकुलांची फेररचना झाल्यावर पळून जाण्याचे प्रमाण घटले, अशी मोरेनो यांची नोंद आहे. या संशोधनात हेलन हॉल जेनिंग्ज यांचा वाटा मोठा होता. त्यांना श्रेय मात्र उशिरा व अपुरेच मिळाले.

१९३४ मध्ये 'हू शॅल सर्व्हाइव्ह?' हा ग्रंथ आला, १९३७ मध्ये 'सोशिओमेट्री' हे नियतकालिक. मनोनाट्य या उपचारपद्धतीचे जनकत्वही मोरेनो यांच्याकडेच जाते.

हाताने काढलेल्या त्या आकृत्यांचे काम पुढे संगणकाकडे गेले. स्लोव्हेनियात १९९६ मध्ये विकसित होऊ लागलेली 'पायेक' ही संगणकप्रणाली लक्षावधी बिंदूंची जाळी हाताळते; त्या भाषेत या शब्दाचा अर्थ कोळी! तथापि, मोरेनो यांची एक अट अशा गणितात सहसा मागे पडते. माणसाला त्याची पसंती विचारली, तर ती अमलातही आणली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आज बहुतेक जाळी विणली जातात ती माणसांना न विचारताच, त्यांच्या दूरध्वनींच्या आणि संदेशांच्या नोंदींवरून.

१४ मे १९७४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बीकन येथे मोरेनो यांचे निधन झाले.