राजमाता प्रभावतीगुप्ता

विदर्भात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापासून पाचव्या शतकापर्यंत वाकाटक नावाचे राजघराणे नांदत होते. विंध्यशक्ती हा त्याचा मूळ पुरुष. त्याचा पुत्र पहिला प्रवरसेन याच्यानंतर या घराण्याच्या शाखा झाल्या. एक शाखा वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथे राज्य करू लागली. थोरल्या शाखेची राजधानी पुढे रामटेकजवळच्या नंदिवर्धन येथे होती. या थोरल्या शाखेच्या राज्याचा भार काही वर्षे एका स्त्रीने वाहिला. तिचे नाव प्रभावतीगुप्ता.

प्रभावती ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या. तिची आई कुबेरनागा ही नागकुळातील होती. माळवा आणि काठेवाड येथील शक क्षत्रपांची सत्ता मोडावी, अशी चंद्रगुप्ताची आकांक्षा होती. त्या कामी शेजारचे वाकाटक आपल्या बाजूचे असणे त्याला अगत्याचे वाटले असावे. त्याने आपली कन्या वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन यास दिली. राज्यासाठी जुळविलेल्या अशा सोयरिकीत मुलीचे मन कोण विचारणार? प्रभावती माहेर सोडून विदर्भात आली.

परंतु तिचे सौभाग्य फार काळ टिकले नाही. सुमारे इ. स. ४०५ मध्ये रुद्रसेन मरण पावला. सिंहासन रिकामे आणि युवराज दिवाकरसेन अजून अजाण, असा तो बिकट प्रसंग होता. राजा नसलेल्या राज्यावर कोणाची दृष्टी जात नाही? अशा वेळी प्रभावतीने कारभार स्वतःच्या हाती घेतला. तिला सम्राट पित्याचे पाठबळ होते हे खरे. तथापि आज्ञापत्रे निघत ती तिच्याच नावाने. तिच्या राजमुद्रेवर युवराजाची माता असा तिचा उल्लेख आहे.

कारभाराच्या तेराव्या वर्षी तिने कोरविलेला एक ताम्रपट पुण्यातील एका तांबटाच्या घरी सापडला. जुने तांबे आणि तांबटाची भट्टी यांचे नाते ध्यानी घेतले, म्हणजे तो वाचला हे आपले भाग्यच म्हटले पाहिजे. कार्तिक शुद्ध द्वादशीस प्रभावतीने चनालस्वामी नावाच्या आचार्यास दंगुण हे गाव दान दिले, असे त्यात लिहिले आहे. हे गाव आजच्या हिंगणघाटच्या परिसरातील होय. त्या गावात शिपायांनी शिरू नये, तेथून राजसेवकांसाठी चारा, कातडी व कोळसा घेऊ नये, फुले व दूध मागू नये, अशी सूट तीत आहे. एरवी खेड्यातील लोकांना काय काय द्यावे लागत असे, ते या सवलतींवरूनच उमगते! आज्ञा मोडील त्यास दंड होईल, असेही राणीने बजावले आहे.

या ताम्रपटात आणखी एक लक्षणीय गोष्ट आहे. आरंभी वाकाटकांची वंशावळ द्यावयाची, ती न देता तिने आपल्या माहेरची, गुप्तांची वंशावळ दिली आहे आणि गोत्रही माहेरचेच, धारण हे, सांगितले आहे. सासरचे राज्य राखणाऱ्या या राणीला पितृकुळाचा केवढा अभिमान होता!

ज्या युवराजासाठी तिने हा भार उचलला, तो दिवाकरसेन महाराज झाल्याचा एकही लेख मिळत नाही. बहुधा तो राज्यावर बसण्यापूर्वीच वारला. पतीमागून मुलगाही गेला. तरी राज्य मोडले नाही. सुमारे इ. स. ४२० नंतर तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन याने दीर्घकाळ राज्य केले. त्याने प्रवरपूर ही नवी राजधानी वसविली. महाराष्ट्री प्राकृतातील ‘सेतुबंध’ हे काव्य त्याचेच मानले जाते.

राजमाता मात्र आता रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या, देवाच्या सेवेत रमली होती. ती भगवान विष्णूची निस्सीम भक्त होती. प्रवरसेनाच्या राज्याच्या १९ व्या वर्षी रामगिरीस्वामीच्या चरणांपासून तिने आणखी एक दानपत्र दिले. ते अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर येथे मिळाले. पुढे महानुभाव पंथामुळे मराठी वाङ्मयात अजरामर झालेले ऋद्धपूर ते हेच.

नंदिवर्धन म्हणजे नागपूर जिल्ह्यातील आजचे नगरधन. तेथे २०१५ ते २०१८ या काळात उत्खनन झाले. त्यात मातीची एक छोटीशी मुद्रा निघाली. तिच्यावर शंख उमटविलेला असून ब्राह्मी अक्षरांत नाव आहे, ते प्रभावतीगुप्तेचे.