कात्रीने चित्र काढणारा कलावंत : आन्री मातीस

घोटीव कागद कापून चिकटवणे हा लहान मुलांचा उद्योग, असे पालकांना वाटते. विद्यार्थी मित्रांनो, एका जगप्रसिद्ध चित्रकाराने म्हातारपणी हाच उद्योग केला. त्याची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

आन्री मातीस यांचा जन्म ३१ डिसेंबर १८६९ रोजी उत्तर फ्रान्समध्ये झाला. वडील बियाण्यांचे व्यापारी. कायदा शिकून मातीस वकिलाच्या कचेरीत नोकरीस लागले. विसाव्या वर्षी आंत्रपुच्छाच्या आजाराने ते अंथरुणाला खिळले. वेळ जावा म्हणून आईने रंगांची पेटी आणून दिली आणि आयुष्याला वळण लागले. वडिलांची नाराजी पत्करून ते चित्रकार झाले. १९०५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांच्या भडक रंगांची टवाळी झाली. पुढे त्याच रंगांनी त्यांना कीर्ती दिली.

१९४१ मध्ये पोटाच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. उभे राहून काम करणे कठीण झाले. तेव्हा मदतनीस कागद रंगवून देत आणि मातीस खुर्चीत किंवा अंथरुणात बसून कात्रीने आकार कापत. १९४७ मध्ये ‘जाझ’ हा त्यांचा वीस चित्रांचा संच प्रसिद्ध झाला.

त्यातले ‘इकारस’ पाहा. मेणाचे पंख लावून सूर्याजवळ गेलेला आणि समुद्रात कोसळलेला ग्रीक कथेतला हा मुलगा. निळ्या कागदावर काळी आकृती, भोवती पिवळे टोकदार आकार, छातीवर लाल ठिपका. नाक नाही, डोळे नाहीत. तरी कललेली मान आणि पसरलेले हात पाहून मन हलते. तो पडतो आहे, की नाचतो आहे? पिवळे आकार तारे, की फुटणारे बॉम्ब? हा संच तयार होत होता तेव्हा फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता. १९४४ मध्ये मातीस यांच्या पत्नीला व मुलीला अटकही झाली. हे कळल्यावर तो लाल ठिपका वेगळाच दिसू लागतो. काळोखातही जिवंत राहिलेले काळीज, असा अर्थ आम्हाला लागतो. तुम्हाला दुसरा लागेल, आणि चित्राकडे बोट दाखवून तो सांगता आला तर तोही खरा.

३ नोव्हेंबर १९५४ रोजी नीस येथे मातीस यांचे निधन झाले.

पालकांना एकच विनंती. मुलाने कागदाचा माणूस चिकटवून आणला, तर त्याचे डोळे कुठे आहेत, असे विचारू नका. त्याला काय वाटते आहे, ते विचारा.